तिसरा रकाना

तुमच्या आईच्या मागच्या पत्रात तुम्हा दोघांचा निरोप होता, की आजीची जंगलाची वही हवी. वही याच पार्सलमध्ये आहे. उघडल्याबरोबर तुमच्या लक्षात येईल, की पहिल्या पंधरा-सोळा पानांवर एक उभी फट आहे. तारीख आहे, वेळ आहे, मग फट, मग प्राण्याचं नाव. उंदरांनी कुरतडलेलं नाही आणि कसरही लागलेली नाही. कात्री माझीच होती. ते का झालं हे सांगितल्याशिवाय वही पाठवणं मला बरोबर वाटेना, म्हणून आधी हे वाचा. अवघड वाटलं तर आईकडून वाचून घ्या. ती तिथं होती.

सत्तरचं दशक मध्यावर आलं होतं, तेव्हा मी नागपुरात मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. माझं स्वतःचं शिक्षण मिशनच्या शाळेत झालं. तिथल्या बाईंनी मला एक सवय लावली होती. जे पाहिलं ते त्याच दिवशी लिहायचं, आणि रकाने आखून लिहायचं. घरातल्या लोणच्याच्या बरण्या, धोब्याकडे गेलेले कपडे, तुमच्या आईचे दुधाचे दात पडल्याच्या तारखा, सगळं माझ्याकडे रकान्यांत असे. आजोबा मला ‘हेडमास्तर’ म्हणत. ते चिडवत आहेत हे मला कळायचं, पण मला ते आवडायचं.

शहराच्या पश्चिमेला, एसटीने पाऊण तासावर, तळ्यामागचं एक जंगल सरकारने राखीव केलं होतं. शिकारबंदीचा कायदा येऊन थोडीच वर्षं झाली होती. त्याआधी त्याच जंगलात लोक परवाने काढून बंदुका घेऊन जात, आणि त्यांच्या दिवाणखान्यातली शिंगं अजून भिंतींवरच होती. मे महिन्यात नाले कोरडे पडले, की जंगलखातं तीन ठिकाणी पाणी ठेवत असे. जमिनीत सिमेंटच्या उथळ, मोठ्या परातीसारख्या टाक्या केल्या होत्या. त्यांत बैलगाडीने ड्रम आणून पाणी ओतायचं. हे काम एका माणसाकडे होतं.

तो रोजंदारीवरचा वनमजूर होता. वय पन्नासच्या आसपास, अंगाने काटक. अंगातला खाकी सदरा कुणा उंच माणसाचा असावा, कारण बाह्या दोनदा दुमडलेल्या असत. जंगलाच्या कडेला दहा-बारा घरांची वस्ती होती, तिथं तो बायकोबरोबर राही. मी त्याला भाऊ म्हणायची, तुमची आई मामा म्हणायची, आणि तो मला बाई म्हणायचा, जसं शाळेत सगळे म्हणत तसंच. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

त्याच्याकडे तिन्ही पाणवठ्यांना नावं होती. मोहाचं पाणी, खडकाचं पाणी आणि आवळ्याचं पाणी. आजोबा म्हणाले, “मोहाचं पाणी असं वहीत लिहिलंस तर लोक भलतंच समजतील हं.” मी हसले, पण खरी अडचण वेगळी होती. माझा तिसरा रकाना ‘ठिकाण’ हा होता आणि तो अरुंद होता. म्हणून मी पाणवठ्यांना आकडे दिले. क्रमांक एक, दोन, तीन. आवळ्याचं पाणी म्हणजे तीन. हे आकडे फक्त माझे होते. जंगलखात्यात ते कोणी वापरत नव्हतं.

शाळेला सुट्टी लागली, की आठवड्यातून तीन-चार दिवस आम्ही मायलेकी पहिल्या एसटीने निघायचो. बरोबर फिरकीचा तांब्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दुर्बीण आणि ऊन लागू नये म्हणून रुमालाच्या टोकाला बांधलेला कांदा. तुमची आई तेव्हा दहा वर्षांची होती. पाणवठ्यापासून तीस-चाळीस पावलांवर भाऊने पळसाच्या फांद्यांचं लपण केलं होतं. त्यात शिरलं, की बोलायचं नाही, खोकायचं नाही, बांगड्या वर सारून रुमालाने बांधायच्या. पहिल्या दिवशी तुमची आई अर्ध्या तासात कंटाळली. चौथ्या दिवशी तिने मला गप्प बसवलं.

भाऊचं काम मी पुष्कळ दिवस नुसतं बघत बसले. टाकी भरली, की तो त्यात सुक्या काड्या तरंगत सोडायचा. मला वाटलं, कचरा पडला. नंतर पाहिलं तर पाणी प्यायला आलेल्या मधमाश्या बुडायला लागल्या की त्या काड्यांवर चढून पंख सुकवत होत्या. तित्तराची पिल्लं आत पडली तर बाहेर यावीत म्हणून एका बाजूला त्याने दगडांची उतरण रचली होती. संध्याकाळी जाताना पाण्याभोवतीची धूळ तो पानांच्या फांदीने सारखी करायचा, आणि सकाळी त्या धुळीवर वाकून रात्री कोण येऊन गेलं ते वाचायचा.

“हे सायाळ. काटे घासत गेली, पाहा. हे अस्वल, इकडून आलं, पाणी पेलं, अन् मोहाकडं गेलं. घाईत नोहोतं.”

“घाईत नव्हतं हे कशावरून?” मी विचारलं.

“बाई, घाईतला माणूस तुमाले समजत नाई का? तसंच.”

त्या वहीत त्या उन्हाळ्यातल्या सगळ्या नोंदी आहेत. सर्पगरुड वीस मिनिटं घोट्याइतक्या पाण्यात उभा राहिला आणि प्यायला नाही, नुसते पाय गार करत होता. स्वर्गीय नर्तक पक्ष्याने पांढऱ्या शेपटीच्या फितींसकट पाण्यात सूर मारला, तेव्हा तुमच्या आईने माझा हात इतका घट्ट धरला की नखं उमटली. रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप यायचा तेव्हा आधी धूळ दिसायची. लंगूर पाणी पिताना एकजण झाडावर पहारा करी आणि त्याची पाळी सर्वांत शेवटी येई. हे सगळं वहीत वाचा. मला आता एकाच प्राण्याबद्दल सांगायचं आहे.

दहा वाजले, की पाणवठा रिकामा व्हायचा. ऊन पांढरं पडायचं. बाकीचे प्राणी सावलीला गेलेले असत. अशा वेळी आवळ्याच्या पाण्यावर ती आली. शेळीएवढी, तांबूस, मान वर. एक पाय उचलायची आणि खाली ठेवण्याआधी थांबायची. पूर्ण थांबायची. असं करत पंधरा पावलं यायला तिला सहा मिनिटं लागली. तिच्यामागे, ती जिथं पाय ठेवी तिथंच पाय ठेवत, पाच-सहा महिन्यांचं पाडस होतं.

“चौसिंगा,” भाऊ कानाशी कुजबुजला.

“पण हिला तर शिंगंच नाहीत,” तुमची आई म्हणाली.

“चार शिंगं नवऱ्याले, माय. अन् काम सारं बायकोले.”

तुमच्या आईने तोंडावर हात दाबला. मी घड्याळात पाहिलं. सव्वादहा. दुसऱ्या खेपेला दहा वाजून बारा मिनिटं. तिसऱ्या खेपेला सव्वादहा. नंतरच्या सात खेपांत तिने मला पाच मिनिटांच्या वर कधी फसवलं नाही. शाळेत घंटेवर चालणारी माणसंसुद्धा इतकी नेमाची मी पाहिली नव्हती. मी तो रकाना भरताना मनातून खूश व्हायची.

“काहून लिहून राहिल्या जी बाई?” भाऊने एकदा परत जाताना विचारलं.

“विसरू नये म्हणून. आणि दुसऱ्यांना कळावं म्हणून.”

मग त्याने त्याच्या घरची एक रीत सांगितली. पाण्यावर जनावर दिसलं तर घरी येईपर्यंत बोलायचं नाही. दारात पाय धुवायचे. मग बायकोने विचारलं तर एवढंच म्हणायचं, “भेटली.” किंवा “भेटला.” कुठं भेटली ते सांगायचं नाही आणि तिनेही विचारायचं नाही. त्याचा बापही असंच करायचा.

“असं का पण?”

“जेवत्या माणसाच्या ताटाकडं कोणाले बोट दाखवते का बाई?”

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला ते ऐकायला छान वाटलं, पण पटलं नाही. मी शिकवणारी बाई. ज्याला जे माहीत आहे ते त्याने फळ्यावर लिहावं, अशी माझी समजूत होती. लोक प्राण्यांना मारतात कारण त्यांनी ते जिवंत, निवांत कधी पाहिलेले नसतात, असंही मला वाटायचं. एकदा येऊन बसले, लपणातून पाहिलं, की बंदूक हातातून आपोआप सुटेल.

म्हणून मी एक तक्ता केला. फुलस्केप कागदावर चार रकाने, वर सुबक अक्षरात ‘या आठवड्यातील दर्शने’, खाली छोटासा नकाशा, त्यात तीन पाणवठे, आकड्यांसकट. नकाशातली झाडं तुमच्या आईने हिरव्या पेन्सिलीने रंगवली. आमच्या वस्तीत एक वाचनालय होतं. संध्याकाळी तिथं वर्तमानपत्रं वाचायला वकील, कारकून, दुकानदार, मास्तर सगळे यायचे. त्याच्या फलकावर मी दर शनिवारी नवा तक्ता लावू लागले. लोकांनी कौतुक केलं. दोन कुटुंबं खरोखर जंगलात जाऊन आली आणि मोर पाहून आली. तिसऱ्या शनिवारी मी टाचण्या टोचत होते तेव्हा एक गृहस्थ मागे उभे राहून वाचत होते. म्हणाले, “वहिनी, तुमचा तक्ता फार उपयोगी आहे हो. वेळासुद्धा दिल्यात.” मी आभार मानले. तेच होते असं मी म्हणत नाही. मला ते कधीही ठाऊक झालं नाही. पण ‘उपयोगी’ हा शब्द तेव्हापासून मला सरळ ऐकू येत नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी आम्ही लपणात बसलो होतो. भाऊ एक आणि दोनला पाणी ओतून मग आमच्याकडे यायचा होता. सव्वादहा झाले. साडेदहा झाले. अकराला दहा कमी असताना पाडस एकटं आलं. त्याच्यापुढे पाय कुठं ठेवायचा ते दाखवणारं कोणी नव्हतं. ते दोन पावलं यायचं आणि मागे वळून बघायचं. पाण्यापर्यंत आलंच नाही.

भाऊ आला, आमच्याकडे न बघता सरळ धुळीवर वाकला. बराच वेळ वाकून होता. मग त्याने मला हाताने बोलावलं.

“तीन जण. बूट घातलेले. हा जाडा हाये, टाच खोल गेली. काल आले, या टायमाले. काल सांजेले मी इकडं आलोच नोहोतो. इथं बसले.” तो आमच्याच लपणाकडे बोट दाखवत होता. “इथून मारली. इकडं ओढत नेली. पलीकडं जीप उभी होती, चाकं उमटले हाये.”

त्या ओढल्याच्या रेषेवर माश्या बसल्या होत्या. तुमच्या आईला मी माझ्यामागे घेतलं.

लपणाच्या आत, आम्ही बसलो होतो त्याच्या मागे पाचोळ्यात दाबलेली सिगारेटची थोटकं होती आणि एका पाकिटाचा फाडलेला पुठ्ठा. त्यावर शाईच्या पेनाने काही लिहिलं होतं. भाऊने तो उचलला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि माझ्यापुढे धरला.

“बाई, वाचा बरं, काय लिहिलं हाये.”

वळणदार, शिकलेल्या माणसाचं अक्षर होतं. ‘क्र. ३. सकाळी १०.१५.’

मी ते वाचलं. मनात वाचलं. आणि त्याला म्हणाले, “काही नाही भाऊ. काहीतरी आकडे आहेत. कचरा आहे.” मग मी तो पुठ्ठा चार घड्या करून माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला आणि चेन लावली.

तो माझ्याकडे बघत होता. ड्रम उचलून टाकी भरायला गेला.

घरी येऊन पहिलं काम केलं ते वाचनालयात जाण्याचं. तक्ता काढला. टाचण्या मोजून डबीत ठेवल्या, कारण हाताला काहीतरी करायला हवं होतं. संध्याकाळी आजोबांना पुठ्ठा दाखवला. ते कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत, आणि कधीही घाईने बोलत नसत.

“शिकारी होते. तू तक्ता लावला नसतास तरी कुठूनतरी कळलंच असतं त्यांना,” ते म्हणाले.

“कुठून?”

त्यांनी पुठ्ठा माझ्याकडे सरकवला. “हे प्रकरण वर गेलं तर जबान्या होतील. शाळेत तुझं नाव चर्चेला येईल. मेलेला प्राणी काही परत येणार नाही. ठेवून दे सध्या.”

मी ठेवून दिलं. मला तेच ऐकायचं होतं. तुम्हाला वाटेल, आजोबांनी थांबवलं. तसं नाही. त्यांनी मला सबब दिली आणि मी ती दोन्ही हातांनी घेतली.

रविवारी आम्ही गेलो तेव्हा गाडीवर दुसराच माणूस होता. भाऊ कुठं आहे, असं मी विचारलं.

“काहाडलं त्याले शुक्रवारी. साहेब म्हणते, जनावराचा टाइम याच्याबिगर कोणाले ठाऊक? यानंच देल्ला असन, चार पैशासाठी.” मग तो हळू आवाजात म्हणाला, “आमाले नाई वाटत, बाई. पण आमाले कोण विचारते?”

“तिसऱ्या पाण्यावर, म्हणजे आवळ्याच्या पाण्यावर, तुम्ही जाता ना?”

“नाई. चौकशी होइस्तोर तिथं पाय ठेवाचा नाई, असा हुकूम हाये. पाणीबी नाई टाकाचं.”

परतीच्या एसटीत ऊन खिडकीतून मांडीवर येत होतं. तुमची आई बराच वेळ बाहेर बघत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “आई, तीन नंबर असं फक्त आपणच म्हणतो ना?”

मी ‘हो’ म्हणाले.

“मी वाचलं होतं त्या दिवशी. तू वाचत होतीस तेव्हा.”

तीन दिवस ती माझी वाट बघत होती, हे मला तेव्हा समजलं. दहा वर्षांची मुलगी. मी तिला शिकवलं होतं की जे पाहिलं ते त्याच दिवशी लिहायचं.

रात्री मी आजोबांना सगळं सांगितलं, आणि सोमवारी सकाळी त्यांनी न विचारता स्कूटर बाहेर काढली. कॉलेजात रजेचा अर्ज पाठवला होता. आम्ही रेंज ऑफिसात गेलो. वाळ्याच्या तट्ट्यांवर शिपाई पाणी मारत होता. रेंजर साहेब तरुण होते, थकलेले दिसत होते. मी पुठ्ठा टेबलावर ठेवला. शेजारी माझे तिन्ही आठवड्यांचे तक्ते ठेवले. नकाशावर बोट ठेवून सांगितलं, की क्रमांक तीन हे नाव माझं आहे, वेळ माझ्या घड्याळाची आहे आणि ही माहिती शहरात मी लावली. तुमच्या माणसाने नाही.

त्यांनी सगळं दोनदा वाचलं.

“बाई, हे तुम्हाला कधी सापडलं?”

“गुरुवारी.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “गुरुवारी चाकांचे ठसे होते. मी स्वतः गेलो शनिवारी, तोवर वाऱ्याने सगळं भरून टाकलं होतं. हे गुरुवारी माझ्या हातात असतं तर त्या वाचनालयात येणाऱ्यांपैकी जीप कोणाकडे आहे, एवढंच शोधायचं होतं मला. चाकं जुळवता आली असती. आता काय जुळवू?”

त्यांचा आवाज चढला नाही. माझ्याकडून त्यांनी लेखी घेतलं. मी चांगल्या अक्षरात दोन पानं लिहून सही केली. शेवटी ते म्हणाले, “त्याला उद्यापासून कामावर यायला सांगा. निरोप तुम्हीच द्या.”

शिकारी सापडले नाहीत. आजोबा म्हणाले होते तशी शाळेत मला बोलावून समज दिली गेली. ते फार मोठं नव्हतं.

त्याच दुपारी आम्ही वस्तीवर गेलो. आजोबा स्कूटरपाशी थांबले. भाऊची बायको अंगणात खाटेवर तेंदूची पानं जुळवत होती. तिने मला ओळखलं, पण उठली नाही.

“या बाई. घर पाहाले आल्या का? पाहून घ्या, मंग कुलूप लागन. माहा भाऊ म्हणते, नरखेडले या, संत्र्याच्या बागेत ओलिताचं काम हाये.” एक जुडी बांधून तिने बाजूला टाकली. “पण हा निघतच नाई. कामावरून काहाडलं, तरी रोज कावड घेऊन त्या पाण्यावर जाते. हुकूम नाई म्हणते, अन् लपून जाते. त्या पोरक्या पिल्लासाठी. स्वतःच्या घरात पाण्याचा गुंड पालथा.”

“गप वं,” आतून भाऊचा आवाज आला. तो बाहेर आला. खांद्यावर कावडीचा लाल वळ होता. “बसाले दे बाईले आधी.”

मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं, उद्यापासून कामावर या. मग पर्समधून पुठ्ठा काढला. तो मी रेंजर साहेबांकडून अर्ध्या तासासाठी मागून आणला होता. त्याला वाचून दाखवायचा म्हणून. घड्या उलगडल्या आणि वाचला, एकेक शब्द, शाळेत वाचते तसा. तीन नंबर म्हणजे काय ते सांगितलं. तक्त्याचं सांगितलं. गुरुवारी मी खोटं बोलले हेही सांगितलं.

“मले समजलं होतं,” तो म्हणाला.

“काय?”

“तुमी म्हणाल्या, कचरा हाये. अन् चार घड्या करून पाकिटात ठेवला, चेन लावली. कचऱ्याले कोणी घडी करते का बाई?”

त्याची बायको पानं जुळवायची थांबली. “ठाऊक होतं? मंग साहेबाले काहून नाई सांगतलं गा? चार दिवस मले रडवलं!”

“कागद बाईजवळ होता. बाईच सांगन, म्हटलं.”

मी माफी मागितली, पण ती कशी मागितली, कोणत्या शब्दांत, ते आता आठवत नाही, आणि त्या दिवशी मी वहीत काही लिहिलं नाही. एवढं आठवतं, की त्याने वही मागितली. मी दिली. त्याने एक पान उघडलं, आणि विचारलं, “याच्यात जागा कुठं लिहिली हाये?”

मी तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. त्याने त्या रकान्यावर वरपासून खालपर्यंत तळहात ठेवला, जसा पाण्याकाठची धूळ सारखी करताना फिरवावा तसा फिरवला, आणि वही मला परत दिली.

घरी येऊन मी शिवणाची कात्री घेतली. पट्टी लावून रेषा आखली, कारण वाकडं कापणं मला जमत नाही. तुमच्या आईने पानं धरली. पट्ट्या शेगडीत टाकल्या. कागदाला वेळ लागला नाही.

त्यानंतर मे संपेपर्यंत मी तिथं गेले नाही. मला जायचा हक्क आहे असं वाटेना. पुढच्या वर्षी सुट्टी लागली तेव्हा तुमच्या आईनेच विषय काढला, आणि आम्ही गेलो. भाऊ दुसऱ्या पाण्यावर ड्रम रिकामा करत होता. त्याने आम्हाला पाहिलं, बाह्या दुमडल्या, तुमच्या आईला म्हणाला, “लंबी झाली माय तू.” पाण्यात काड्या सोडल्या. मी काही विचारलं नाही. विचारायचं नाही असं ठरवूनच आले होते.

निघताना तो आमच्याबरोबर रस्त्यापर्यंत आला. एसटी दिसली तेव्हा म्हणाला, “भेटली.”

ते पाडस मादी होतं, हे मला तेव्हा कळलं. तुमच्या आईने माझ्याकडे पाहिलं आणि तीही गप्प राहिली. घरी दारात आम्ही दोघींनी पाय धुतले.

वहीच्या उरलेल्या पानांवर रकाने तीनच आहेत, तिथं कात्री लागलेली नाही. त्या दिवसाची नोंद तुम्हाला अठराव्या पानावर सापडेल. तारीख लिहिली आहे. वेळेच्या रकान्यात काही नाही, कारण त्याने सांगितली नव्हती. पुढे प्राण्याचं नाव लिहायची जागा होती. तिथं मी त्याचाच शब्द लिहून ठेवला आहे.